दहा पौंडांचे घर आणि आपली अमानत

इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात आल्फ्रिस्टन नावाचे खेडे आहे. तिथे चर्चशेजारी चौदाव्या शतकातले एक घर उभे आहे. ओक लाकडाचा सांगाडा, मातीने लिंपलेल्या कुडाच्या भिंती, वर शाकारलेले छप्पर. मधल्या दालनाची जमीन खडूच्या चुऱ्याची, आंबट दुधाने घट्ट केलेली. मूळचे ते शेतकऱ्याचे घर असावे. पुढे ते चर्चकडे आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इतके मोडकळीला आले की पाडायची वेळ आली.

1896 मध्ये नॅशनल ट्रस्टने ते अवघ्या 10 पौंडांना घेतले. ही संस्था आदल्याच वर्षी स्थापन झाली होती आणि तिने विकत घेतलेली ही पहिलीच इमारत. संस्थापकांपैकी ऑक्टेव्हिया हिल यांनी लंडनच्या गरिबांच्या घरांसाठी आयुष्य वेचले होते. हे घर ना राजवाडा होते, ना किल्ला. तरी ते राखण्यासारखे आहे, असे त्यांना वाटले. खरा खर्च खरेदीचा नव्हता, दुरुस्तीचा होता. त्यासाठी लोकांपुढे हात पसरावा लागला. पुढे 1907 च्या कायद्याने संस्थेला आपली मालमत्ता कायमची अविक्रेय ठरवण्याचा अधिकार मिळाला. अशी मालमत्ता मग खुद्द संस्थेलाही विकता येत नाही.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. वक्फचा गाभाच हा: एकदा वक्फ केलेली वस्तू विकायची नाही, तिचा लाभ लोकांना मिळत राहावा. आपल्याकडे वक्फवर चर्चा होते ती कायद्याची, अतिक्रमणाची, राजकारणाची. ती व्हायलाच हवी. पण गळक्या मुसाफिरखान्याची कौले कोणी बदलायची, हे कोणी विचारत नाही. मालकी सिद्ध करणारा कागद पाऊस अडवत नाही.

शाकारलेले छप्पर काही दशकांनी नव्याने घालावेच लागते. आल्फ्रिस्टनचे घर टिकले ते कायद्याने कमी आणि या कामाने जास्त. मुतवल्ली म्हणजे मालक नव्हे, राखणदार. म्हणून प्रत्येक जमातीने वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, आपल्या वक्फ इमारतींची पाहणी करावी आणि जमा-खर्चाचा हिशेब जुम्म्याच्या नमाजनंतर सर्वांसमोर वाचावा. अमानतीचा दावा सांगणाऱ्याने तिची डागडुजीही केली पाहिजे.