नुसतं बसायची जागा

गुहागरकडच्या आमच्या घरामागे आता चार ‘झोन’ आहेत. पुतण्याने पुण्याचा एक लँडस्केप डिझायनर गाठला, त्याने वीस गुंठ्यांच्या परसाचा संगणकावर आराखडा काढला आणि प्रत्येक झोनमध्ये हातात कप धरलेली एक बाई बसवली. मॉर्निंग झोन, डायनिंग झोन, सनसेट झोन आणि फायर पिट. विहीर कशातच बसेना, तेव्हा तिला ‘वॉटर फीचर’ म्हटलं. मी कुठल्याही नव्या गोष्टीला आधी नावं ठेवतो आणि मग तिच्यावरच ठाण मांडतो. तेव्हा मे महिन्यात गेलो आणि सगळीकडे बसून आलो.

डिझायनर हुशार आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्याने सिमेंट ओतलं नाही, जांभ्याचे चिरे वापरले. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की टणक होत जातो, आणि पाणीही जिरवतो. नारळाखाली त्याने एकही खुर्ची ठेवलेली नाही. पण ती अक्कल काकूची. पोरगा वाढला सातशे-आठशे मिलिमीटर पावसाच्या गावात. आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात त्याच्या तिप्पट-चौपट कोसळतो. चिऱ्यांवर असं शेवाळ धरतं की जुनी माणसं पावसाळ्यात वाटेवर झावळ्या टाकून चालायची. मांडवही दिवाळीच्या सुमारास घालायचा आणि पाऊस लागायच्या आत उतरवायचा, अशी रीत. याने लोखंडी पर्गोला उभारला आहे, बारमाही. खाऱ्या वाऱ्यात तो किती बारमाही राहतो, ते बघू.

सनसेट झोनमध्ये पश्चिमेकडे तोंड करून दोन लांबलचक खुर्च्या आहेत. चार वाजल्यापासून ऊन थेट डोळ्यांत. मे महिन्यात सूर्य बुडायला सात वाजतात आणि त्याच मुहूर्तावर पोफळीतून डास निघतात. पुतण्याने निळ्या दिव्याचं यंत्र टांगलं आहे, त्यात बिचारे पतंग मरतात. काकू संध्याकाळी नारळाची सोडणं पेटवून धूर करते. धुराने डास जातात, सनसेटही जातो.

मॉर्निंग झोनमध्ये सकाळी कुणाला जाता येत नाही, कारण सकाळी शिंपणं असतं. पंप सुरू झाला की पाटाचं पाणी नेमकं त्या वेताच्या टेबलाखालून पोफळींना जातं. पाट हलवायचा की टेबल, यावर घरात चर्चा चालू आहे. पाट आजोबांच्या वेळचा आहे, टेबल हप्त्यांवरचं. डायनिंग झोनच्या फिकट रंगाच्या गाद्यांवर पाहुण्यांनी बरका फणस फोडला, त्याबद्दल फारसं लिहीत नाही. फणसाचा चीक खोबरेलाने सुटतो. गादीतलं खोबरेल कशाने सुटतं, याचा सूनबाई अजून शोध घेते आहे.

मुळात परसात नुसतं कुणी बसत नाही हो. नुसतं बसायला ओटी असते, पडवी असते, पुढचं अंगण असतं. तिथे येणाराजाणारा दिसतो, त्याला हाक मारता येते. मागच्या दारी बसायचं तर हातात काहीतरी लागतं. रातांबे फोडायचे, झावळीचे हीर काढायचे, सोलं वाळत घालून त्यांच्यावर नजर ठेवायची. हात चालू असले की तोंडही चालतं. आमच्या घराण्यातली बरीचशी लग्नं रातांबे फोडताना ठरली आणि त्यातली एक-दोन तिथेच मोडली. आराखड्यातल्या त्या बाईला कपाऐवजी विळी दिली असती, तर मला तिची ओळख पटली असती. नुसता कप घेऊन विहिरीकडे टक लावून बसलेली बाई दिसली, तर आमच्या वाडीत चार बायका धावत येऊन विचारतील, काय गं, घरी काही झालं का?

राहता राहिला फायर पिट. जमिनीत चिऱ्यांनी बांधलेला गोल खड्डा, भोवती अर्धगोल बाक. मे महिन्यात आमच्याकडे रात्री पंचा पिळावा लागतो, तिथे शेकोटी कुणाला हवी? हा झोन ओसाडच राहणार, असं मी मनात लिहूनही टाकलं होतं. पण काकूने खड्ड्यात काठी घालून खोली पाहिली आणि म्हणाली, “बियांना बरा आहे.”

काजूच्या बिया भाजणं हे घरातलं काम नव्हे. टरफलातलं तेल जहाल, कातडी भाजून काढतं. आच लागली की ते पाझरतं आणि भडकन पेट घेतं. धूर डोळ्यांना नि घशाला झोंबतो. म्हणून परसात, भोकं पाडलेल्या पत्र्यावर, लांब काठीने ढवळत भाजायचं. बिया काळ्या पडल्या की पत्रा उपडा करायचा, वर माती टाकून विझवायच्या, म्हणजे तेलही टिपलं जातं. मग दगडावर एकेक बी ठोकायची. वारा फिरला की माणसांनी सरकायचं. बाक अर्धगोल का केला असेल, ते आम्हाला तेव्हा कळलं. डिझायनरला अजून कळलेलं नाही.

काजूचं झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं, पण काकूसमोर तसं म्हणायची सोय नाही. पुतण्याने कुंपणाला वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राची ‘वेंगुर्ला-७’ लावली आहे. तिची बी दहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे गावठीच्या जवळजवळ दुप्पट. काकू तिला चवीला पाणचट म्हणते. वेंगुर्ल्याची परकी, ब्राझीलची घरची!

आम्ही असे काळ्या हातांनी गोल बसलो असताना डिझायनर कॅमेरा घेऊन आला. त्याला पूर्ण झालेल्या कामाचे फोटो हवे होते. त्याने धुराकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं, आणि आजींनी जरा हात धुऊन कप घेतला तर बरं, असं सुचवलं. काकू म्हणाली, “हात आता चार दिवस असेच राहायचे. तू बस, बिया फोड.” तो बसला. पोरगा तसा गुणी. खोबरेल चोळून घे म्हटलं होतं, ते त्याने हसण्यावारी नेलं. संध्याकाळपर्यंत बोटांची सालं निघायला लागली, पण तोवर त्याने घरातली तीन भांडणं आणि एक जमिनीचा दावा मुळापासून ऐकला होता. फोटो राहिलेच.

जाताना त्याने किलोभर काजूगर विकत मागितले. काकूने भाव सांगितला. तो म्हणाला, आजी, पुण्यात मार्केट यार्डात याहून स्वस्त मिळतात. काकू म्हणाली, ते कारखान्यात वाफवलेले असतात, त्यांना धुराचा वास नाही. तुला तसले हवे असतील तर खुशाल तिथून घे. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी तो पाऊण किलो घेऊन गेला, त्यातले निम्मे तुकडे. तुकडे त्याने स्वतःच फोडलेले होते, असं काकूचं म्हणणं, आणि पैसे तिने अख्ख्याचेच लावले.