‘चालतंय’ची प्लेट

इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतली की घरचे लोक एक प्रश्न हमखास विचारतात : ‘आता आमचा मिक्सर तू दुरुस्त करशील ना?’ माझ्या वाट्याला मिक्सर आला नाही. मामाची येझदी आली.

पाथर्डी तालुक्यात मामाचं गाव. पडवीत दहा-बारा वर्षं गोणपाटाखाली उभी असलेली ही गाडी एकेकाळी रोज दुधाच्या किटल्या वाहायची. सुट्टीत मामा म्हणाले, ‘‘भाचेबुवा, तेवढी गाडी चालू करून दाखवा, मग आम्ही मानू तुम्हाला इंजिनिअर.’’ झालं! नगरच्या (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण एस.टी.त अजून ‘एक नगर द्या’ असंच म्हणतो आपण) एका जुन्या मिस्त्रींकडे इंजिन नेऊन टाकलं.

इंजिन उघडलं तेव्हा वाटलं होतं की पिस्टन आणि क्रँकच छळणार. प्रत्यक्षात बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन बसला. बेअरिंगचं तर विचारूच नका. बेअरिंगला नंबर असतो. ६२०३ म्हटलं की नगरला घ्या नाहीतर जर्मनीत, आतला व्यास १७, बाहेरचा ४०, रुंदी १२ मिलिमीटर. कंपनी बुडाली तरी नंबर मरत नाही. क्लच प्लेटला असा नंबर नाही. ती ज्या गाडीची, त्याच गाडीची. आणि ती गाडी बनवणारी म्हैसूरची आयडियल जावा १९९६ मध्येच बंद पडली.

दुकानात गेलो. ‘येझदीच्या क्लच प्लेटी’ म्हटल्यावर काउंटरवरच्या पोरानं आधी नव्या जावाच्या शोरूमकडे बोट दाखवलं. त्याची चूक नाही. जावा हे नाव २०१८ साली परत आलं, येझदी २०२२ ला आली. पण जुनी गाडी म्हणजे हवेनं थंड होणारं २५० सीसीचं टू-स्ट्रोक, नवी म्हणजे पाण्यानं थंड होणारं फोर-स्ट्रोक. टाकीवरचं नाव एक, आतडी वेगळी. मग त्यानं माळ्यावरून एक पुडकं काढलं. वर ना कंपनीचं नाव, ना माप. ‘‘घेऊन जा, चालतंय.’’

प्लेटी ड्रममध्ये व्यवस्थित बसल्या, दाते खाचांत गेले, गिअर पडले. सपाट रस्त्यावर गाडी अशी पळाली की मी स्वतःलाच शाबासकी दिली. आणि करंजी घाटात चढाला, मामा मागे बसलेले असताना, इंजिन किंचाळतंय पण गाडी जागची हलत नाही! क्लच स्लिप. साइड कव्हरमधून जळका वास. मामा उतरले, काही बोलले नाहीत, धोतर सावरून चालायला लागले. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं.

मिस्त्रींनी प्लेटी बाहेर काढल्या आणि मला विचारलं, ‘‘साहेब, कॉलेजात माप घ्यायला शिकवतात का?’’ लाज वाटली. सबमिशनला व्हर्निअरच्या रीडिंगचं अख्खं टेबल मी दुसऱ्याच्या जर्नलमधून उतरवलेलं. मिस्त्रींच्या ट्रंकेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जुनी, अस्सल प्लेट होती. तिच्याशेजारी ठेवून मोजलं तर आमच्या नव्या प्लेटी प्रत्येकी साधारण अर्धा मिलिमीटर पातळ. अर्धा मिलिमीटर म्हणजे काय मोठं? पण क्लचमध्ये अनेक प्लेटी एकावर एक असतात, म्हणजे सगळ्या गठ्ठ्याची जाडी चांगलीच घटते. स्प्रिंग तेवढी कमी दबते, कमी दबली की जोर कमी लावते. आपण ओरलसाठी पाठ करतो ते सूत्र आठवा : टॉर्क म्हणजे घर्षण गुणांक गुणिले स्प्रिंगचा जोर गुणिले सरासरी त्रिज्या गुणिले घासणाऱ्या जोड्यांची संख्या. परीक्षेत या सूत्राला मी पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. घाटात नापास झालो.

जुन्या जावा-येझदीत आणखी एक खुबी आहे. गिअरचा लिव्हर पायानं दाबला की क्लच आपोआप उचलला जातो, हाताचा लिव्हर दाबायची गरज नाही. आज ऐकायला भारी वाटतं, पण ही उचल मोजकीच असते. गठ्ठ्याची जाडी चुकली की ॲडजस्टमेंट कितीही फिरवा, एकतर क्लच पूर्ण सुटत नाही नाहीतर पूर्ण धरत नाही. त्यात मी तेलातही घोळ घातला होता. गिअरबॉक्स आणि क्लच एकाच तेलात भिजतात, आणि मी कारचं ‘मायलेज वाढवणारं’ तेल ओतलेलं. अशा काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. ओल्या क्लचसाठी डब्यावर ‘जासो एम.ए.’ लिहिलेलं बघून घ्यावं, हे मला तेव्हा कळलं.

मग पुण्याचा जुना बाजार. बुधवारी आणि रविवारी भरतो. दोन खेपा वाया गेल्या, तिसऱ्या खेपेला कॉर्क झडलेल्या, नुसत्या भोकांच्या प्लेटी मिळाल्या, भंगाराच्या भावात. मिस्त्रींनी कॉर्कचे तुकडे पाण्यात उकळून मऊ केले, भोकांत दाबून बसवले आणि काचेवर पॉलिशपेपर ठेवून सगळ्या प्लेटी एका जाडीला घासल्या. दर पाच मिनिटांनी व्हर्निअर माझ्या हातात. दोन दिवस लागले. गाडी आता घाट चढते. मामा मागे बसतात, पण हँडल माझ्याकडे देताना अजून एकदा बघतात.

आता मुद्द्याचं. उद्या हे मिस्त्री नसतील तर? त्यांच्या ट्रंकेतली ती एकच प्लेट भंगारात गेली तर पुढच्या माणसानं कशाशी ताडून बघायचं? आपल्याच गावात १९७२ साली कायनेटिकनं लूना काढली. तिचा सेंट्रिफ्यूगल क्लच हे आपल्या पुस्तकातलं जिवंत उदाहरण. पण आपल्या डिपार्टमेंटमध्ये तिच्या क्लच शूचं एक मोजलेलं ड्रॉइंग मला सापडलं नाही. याच गावात लष्कराच्या वाहनांची चाचणी करणारी व्ही.आर.डी.ई. आहे, रणगाड्यांचं संग्रहालय आहे, आणि आपण फायनल इयरला तयार प्रोजेक्ट विकत आणतो, त्यावर रंग मारतो आणि वायवाला ‘वर्किंग मॉडेल’ म्हणून ठेवतो! सगळेच असं करत नाहीत, मान्य. पण किती जण करतात हे तुम्हालाही माहीत आहे.

माझं सरळ म्हणणं आहे की दर वर्षी एका ग्रुपनं प्रोजेक्ट म्हणून एक बंद पडलेली गाडी घ्यावी आणि तिचे न मिळणारे भाग मोजून, टॉलरन्ससकट ड्रॉइंग करून ठेवावं. कुठल्याही मिस्त्रीला ते बघायला मिळावं. ‘यात इनोव्हेशन काय?’ असं एका सरांनी विचारलं. काही नाही, सर. पण जी वस्तू आहे तीच नीट मोजता येत नसेल तर नवीन काय काढणार?

येझदीच्या प्लेटीचं ड्रॉइंग मी मशीन शॉपच्या कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवलंय. पुढचा नंबर राजदूतचा. कुणाच्या घरी गोठ्यात पडलेली असेल तर क्लच तेवढा खोलू द्या. मोजून झालं की जसा होता तसा परत बसवून देऊ, तेलाचे पैसे आमचे.