फोमची गादी पिंजता येत नाही

कापसाची गादी दबली की पिंजाऱ्याला बोलवायचे, कापूस पिंजून घ्यायचा आणि नव्या खोळीत भरायचा, ही मराठवाड्यातल्या घरांची जुनी रीत. आता घरोघरी फोमच्या गाद्या आहेत. त्या फाटल्या की उकिरड्यावर जातात आणि अनेकदा तिथेच पेटवल्या जातात. हा धूर साधा नाही. फोम म्हणजे पॉलियुरेथेन. त्यात नायट्रोजन असल्याने तो जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायूही बाहेर पडतो.

भंगाराचे मोल जालन्याला कोणी शिकवायला नको. इथल्या भट्ट्यांत लोखंडाचे भंगार वितळते आणि त्याच्या सळया होतात. फोमला मात्र हा मार्ग नाही. त्याचे रेणू जाळ्यासारखे एकमेकांत बांधलेले असतात. तापवला तर तो पुन्हा ओतता येईल असा वितळत नाही, करपतो. तुकडे चिकटवून नवी गादी करता येते. पण तिचाही शेवट उकिरड्यावरच होतो.

उरतो मार्ग रसायनशास्त्राचा. फोमचे तुकडे ग्लायकोल या द्रवात उत्प्रेरकासह सुमारे २०० अंश सेल्सिअसला तापवले की बंध सुटतात आणि फोमचा एक मूळ घटक, पॉलिऑल, परत मिळतो. जुन्या गाद्यांपासून पॉलिऑल मिळवणारा, वर्षाला २ लाख गाद्यांपर्यंत क्षमतेचा प्रकल्प फ्रान्समध्ये २०२१ साली सुरू झाला. तिथे जुन्या गाद्यांची जबाबदारी कायद्याने उत्पादकांवर आहे. आपल्याकडे २०२२ साली प्लॅस्टिकच्या वेष्टनांची जबाबदारी उत्पादकांवर आली; गादी त्यात नाही.

मात्र हे काम शेडमधल्या पिंपात करण्याजोगे नाही. या प्रक्रियेत अॅरोमॅटिक अमाइन तयार होऊ शकतात आणि त्यांतल्या काहींमुळे कर्करोगाचा धोका संभवतो. बंद भट्टी, हवेची तपासणी आणि कामगारांची सुरक्षा यांखेरीज त्यात पडू नये.

मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र २०१८ पासून जालन्यातच आहे. महापालिकेने जुन्या गाद्या वेगळ्या गोळा कराव्यात, संस्थेने लहान प्रमाणावर प्रयोग करावा आणि उद्योजकांनी त्याचा हिशेब मांडावा. सरकारनेही गादी उत्पादकांना जबाबदारीच्या कक्षेत आणावे. तोवर आपल्या हातात एक गोष्ट नक्की आहे: जुनी गादी पेटवू नये, पेटवू देऊ नये.