वहीतली साखर आणि डब्यातली साखर

आमच्या वस्तीतील एका भाऊंना मागल्या पावसाळ्यात शुगर निघाली. माणूस धडधाकट, त्यामुळे घर घाबरले. मुलीने वही सुरू केली. वडिलांनी दिवसभरात काय खाल्ले, त्यात साखर किती, हे मोबाईलवर पाहून लिहायचे. आम्हाला कौतुक वाटले, म्हणून वही पाहायला मागितली. केळे, 14 ग्रॅम. पेलाभर दूध, 10 ग्रॅम. पेरूसुद्धा होता. आकडे पाहून आधी केळे बंद झाले, मग दूध. आणि आजोबांना नको म्हणून सहा वर्षांच्या नातवालाही नको. चहा मात्र वहीत कुठेच नव्हता. "अहो, आपला चहा गुळाचा. गूळ नैसर्गिकच की!" वहिनी म्हणाल्या. दिवसाला पाच कप.

भगिनींनो, गोंधळ होतो तो इथेच. केळ्यातली साखर फळाच्या चोथ्यात असते, रक्तात सावकाश उतरते आणि पोटही भरते. दुधातली साखर येते ती प्रथिने व कॅल्शियमसोबत. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली साखरेची जी मर्यादा सांगितली, ती अख्ख्या फळाला आणि दुधाला लावलेलीच नाही. ती आहे आपण किंवा कारखान्याने वरून घातलेल्या साखरेला. मध आणि फळांचा रसही तिने त्यातच धरला आहे. गूळ तरी काय, उसाचाच आटवलेला रस. त्यात लोह वगैरे थोडेफार असेल, बाकी बहुतेक साखरच.

मर्यादा अशी: दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या 10 टक्क्यांहून कमी, जमल्यास 5 टक्क्यांहून कमी. 2000 उष्मांक खाणाऱ्या मोठ्या माणसाला 50 ग्रॅम, म्हणजे दहा-बारा चहाचे चमचे. जमल्यास त्याच्या निम्मे. मुलांना याहून कमी.

पण चमचे मोजत कोण बसणार? आम्ही किराणाच्या यादीवरूनच हिशोब केला. आमच्या चौघांच्या घरात महिन्याला 5 किलो साखर आणि 1 किलो गूळ येतो. 6000 ग्रॅम भागिले चार माणसे, भागिले 30 दिवस: माणशी 50 ग्रॅम. मर्यादा घरातच संपली! चहाबरोबरची बिस्किटे, नाक्यावरचा चहा, उन्हाळ्यातला उसाचा रस, हे सारे त्यावर. आम्ही स्वतःला फार गोड न खाणारे समजत होतो. तुम्हीही आपली यादी काढून बघा. या महिन्यापासून आम्ही यादीतली साखर अर्धा किलोने कमी केली आहे. पहिले आठ दिवस चहा पांचट लागला, मग जीभ रुळली.

पुड्यातल्या वस्तूंचे निराळे. 2020 च्या नियमांप्रमाणे पाकिटावर एकूण साखर आणि वरून घातलेली साखर हे दोन आकडे वेगळे छापावे लागतात. अक्षर बारीक, बहुधा इंग्रजी; शाळेत जाणाऱ्या मुलाकडून 'ॲडेड शुगर्स' ही ओळ वाचून घ्या. मुलांच्या दुधात घालायच्या डब्यावर तर जरूर. ताकद येते म्हणून आपण पोटाला चिमटा घेऊन तो डबा आणतो, आणि साखरेचे पैसे मोजून येतो.

मधुमेह असलेल्यांना मात्र आमचे वरचे बोलणे जसेच्या तसे लागू नाही. फळातल्या साखरेनेही रक्तातली साखर वाढते, म्हणून त्यांनी फळ किती खावे हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. रस मात्र नकोच. आणि इन्शुलिन किंवा गोळी चालू असताना अचानक घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, तर वही बाजूला ठेवून माणूस शुद्धीवर असतानाच आधी साखरपाणी द्यावे.

भाऊंच्या वहीत आता चहाचे पान आहे. पाचाचे तीन कप झाले, तेही बिनगुळाचे. डॉक्टरांनी त्यांना अर्धे केळे चालेल म्हटले आहे. उरलेले अर्धे आणि वर एक अख्खे नातू खातो.