भोंग्याची किल्ली कोणाकडे?

२६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळचा समुद्रतळ हादरला. त्सुनामीच्या लाटा तमिळनाडूतील नागपट्टिणमच्या किनाऱ्यावर आदळल्या त्या त्यानंतर दोन तासांहून अधिक काळाने. किनाऱ्यापासून मैलभर आत जाण्यास अर्धा तास पुरतो. तरीही एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात ६,००० हून अधिक माणसे मेली; त्यांत मच्छीमारांच्या बायकामुलांचा भरणा मोठा होता. यास निसर्गाचा कोप म्हणून मोकळे होणे शासनाला सोयीचे असते. लाट निसर्गाची खरी, पण वाया गेलेले ते दोन तास व्यवस्थेचे होते.

पुढे २००७ साली हैदराबादेत त्सुनामी इशारा केंद्र उभे राहिले. भूकंपानंतर सुमारे दहा मिनिटांत ते पहिला संदेश देऊ शकते. शास्त्रज्ञांचे हे कर्तृत्व निर्विवाद आहे. परंतु संदेश जिल्हाधिकारी कचेरीत पोहोचणे वेगळे आणि मासळी वाळत घालणाऱ्या म्हातारीच्या कानी पडणे वेगळे.

हे शेवटचे अंतर पुदुच्चेरीच्या नल्लवाडू गावाने २००४ मध्येच, असे कोणतेही केंद्र नसताना, कापले होते. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाच्या साहाय्याने गावात एक माहिती केंद्र चाले. लाटांची उंची, हवामान यांची खबर मच्छीमारांना त्याच्या ध्वनिक्षेपकावरून नेहमी मिळे. सिंगापुरात असलेल्या एका गावकऱ्याने बातमी ऐकून फोन केला, ध्वनिक्षेपकावरून हाक गेली आणि सुमारे ५०० कुटुंबांचे गाव वाचले. वरून हुकूम येण्याची वाट पाहिली असती तर काय झाले असते, हे शेजारच्या किनाऱ्याने दाखवलेच आहे. ओडिशातील वेंकटरायपूर व नोलियासाही या गावांना २०२० मध्ये युनेस्कोच्या सागरविज्ञान आयोगाने 'त्सुनामीसज्ज' म्हणून मान्यता दिली, तीही गावकऱ्यांनी स्वतः सराव केले म्हणूनच.

तयारीच्या नावाखाली दुसरेही काही चालते. त्सुनामीनंतर तमिळनाडू सरकारने पाण्यापासून २०० मीटरांच्या आत राहणाऱ्या मच्छीमारांपुढे अट ठेवली: सरकारी घर हवे असेल तर किनाऱ्यावरची जागा सोडा. होडी एकीकडे नि बिऱ्हाड दुसरीकडे, मग धंदा करायचा कसा? आणि केंद्र सरकारच्या २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागांतील बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरांवरून ५० मीटरांवर आणला. कोळ्याच्या झोपडीला धोकादायक ठरणारा किनारा हॉटेलवाल्याला मात्र निर्धोक कसा ठरतो, याचे उत्तर भूगर्भशास्त्रात सापडणार नाही.

हा प्रश्न पूर्व किनाऱ्यापुरता नाही. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरानच्या भूकंपाने उठलेल्या लाटा काही तासांत मुंबईपर्यंत आल्या होत्या व येथेही माणसे दगावली होती. तेव्हा कोकणातील कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभांत आणि नगरपालिकांत सरळ विचारावे: मध्यरात्री इशारा आला तर भोंग्याची किल्ली कोणाकडे असते? शेवटचा सराव केव्हा झाला, आणि त्यात कोळणींना बोलावले होते काय? उंचावर जाणाऱ्या वाटेवर कुंपण कोणी घातले आहे?