काय बदललंच नाय, तर पैसे कसले?

शनिवारची सकाळ आहे, चहाचा दुसरा कप संपलाय आणि आज भांडायचा मूड आहे. भांडण मेकॅनिक लोकांशी आहे असं सुरुवातीला वाटेल. जरा थांबा, ते तुमच्या-माझ्या दारापर्यंत येणार आहे.

आमच्याकडे १९९५ ची जिप्सी आहे. ९७० सीसी, कार्बोरेटरवाली. बाबांनी ती पोटच्या पोरासारखी सांभाळली आहे (पोटच्या पोराचं मत विचारू नका). जिप्सीला एमपीएफआय इंजिन मिळालं २००० साली, आमची त्याच्या आधीची. म्हणजे सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. पेट्रोलचा सगळा रस्ता डोळ्यांनी दिसतो: मागे टाकी, मग नळी, फिल्टर, इंजिनावर बसवलेला यांत्रिक पंप आणि शेवटी कार्बोरेटर. संपलं. इतकं साधं आर्किटेक्चर आम्हा आयटीवाल्यांना अख्ख्या करिअरमध्ये बघायला मिळत नाही. तरीही तिच्यातला एक बग सापडायला तीन महिने आणि ८,३०० रुपये लागले.

जुलै २०२५. कोकणातून परत येत होतो, आई-बाबा बरोबर. माणगावला टाकी फुल्ल केली आणि निजामपूर, विळे करत ताम्हिणीच्या चढाला लागलो. धो धो पाऊस. चढावर गाडी आचके द्यायला लागली, आणि एका वळणावर गपकन बंद पडली. मागून एक ट्रक हॉर्न मारत येत होता. सत्तरीचे बाबा भर पावसात उतरून चाकाखाली दगड लावत होते आणि मी स्टार्टर मारत बसलो होतो. ते चित्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही. पंधरा मिनिटांनी गाडी जणू काही झालंच नाही अशी सुरू झाली आणि निमूट घरी आली.

मग सुरू झाला बदलाबदलीचा सोहळा. पहिल्या गॅरेजमध्ये बॉनेट उघडायच्या आधीच निकाल लागला: "कार्बोरेटरचं काम आहे." ओव्हरहॉल, ३,५०० रुपये. फिल्टरही बदलला, ४००. "आता बघा साहेब, मक्खन." गावात मक्खनच होती हो! आठवड्यानं मुळशीच्या चढावर पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजनं प्लग, कॉइल, वायरी बदलल्या, २,६००. मग पंप, १,८००. तिसरा म्हणाला, व्हेपर लॉक, पंपावर ओलं फडकं टाकत जा. म्हणजे पंप तापून पेट्रोलची वाफ होते. असा आजार असतो, खोटा नाही. पण ताम्हिणीत, जुलैच्या पावसात? अख्खी गाडीच ओलं फडकं झाली होती राव.

आणि मित्रमंडळींचं ठरलेलं उत्तर: "अरे, ई-२० मुळे!" मी इथेनॉलची वकिली करायला बसलेलो नाही. लिटरमागे त्याच्यात पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, ते पाणी ओढतं, जुन्या रबरी नळ्या फुगवतं, कडक करतं. जुना कार्बोरेटर आपणहून मिश्रण जुळवून घेत नाही, हेही खरं. पण मग ते तपासा ना! नळी दाबून बघा, वाकवून बघा, तडे दिसतात का. बाटलीत पेट्रोल काढून ठेवा, तळाशी पाणी साचतं का. सगळं दिसण्यासारखं आहे. न बघता 'ई-२०' म्हणणं आणि आमच्याकडे 'नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल' म्हणणं, दोन्ही एकच.

ऑक्टोबरमध्ये कोथरूडला टाकी फुल्ल करून सासवडला निघालो आणि दिवेघाटात पुन्हा तोच तमाशा. ढकलत गाडी वळवली आणि उतारावर सोडून खाली वडकीपर्यंत आणली. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये एक साठीचे मेकॅनिक काका. त्यांनी पान्याला हातच लावला नाही. आधी विचारलं, "जागेवर नीट चालती का?" चालते. "चढालाच मरती?" हो. "टाकी भरलेली असताना का रिकामी?"

मी गप्प. तीन महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी स्वतःला सुद्धा! माणगाव, मुळशी, दिवेघाट: प्रत्येक वेळी नुकतीच टाकी फुल्ल केलेली. गॅरेजवाले ट्रायल मारायचे तेव्हा पेट्रोल तळाला. म्हणून त्यांच्याकडे कधी बंद पडलीच नाही. 'माझ्या मशीनवर तर चालतंय' हे वाक्य आपण कुठेतरी ऐकलंय ना?

काका मागे गेले आणि टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स्स. चांगला दोन-तीन सेकंद आवाज. हवा आत जात होती. "झाकण कवा बदललं?"

जानेवारीत. मीच. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणीतरी पेट्रोल चोरत होतं म्हणून ३५० रुपयांचं कुलूपवालं झाकण आणलं होतं. मूळ झाकणात हवा आत घ्यायची छोटी झडप होती, नव्यात नव्हती. पेट्रोल उपसलं की त्या जागी हवा यायला हवी. नाही आली तर टाकीत निर्वात तयार होतो आणि पंपाला पेट्रोल ओढवेना होतं. टाकी भरलेली असेल तर वरची मोकळी जागा इवलीशी, त्यामुळे दोन-तीन लिटर गेले की दाब भसकन उतरतो. अर्धी टाकी रिकामी असेल तर तेवढ्यानं विशेष फरक पडत नाही. जागेवर चालताना इंजिनाला थेंबभर पेट्रोल पुरतं, चढावर त्याच्या कितीतरी पट लागतं. मागणी वाढली, पुरवठा आटला, कार्बोरेटरची वाटी रिकामी. पंधरा मिनिटं थांबलं की झाकणाच्या रबरातून थोडी हवा झिरपते आणि गाडी 'आपोआप बरी' होते.

शेवटचा बदल काय झाला होता? कुठलाही बग आला की हा पहिला प्रश्न. ऑफिसात मी तो ज्युनियर पोरांना विचारतो, वर तोंड करून. आणि घरची गाडी आठ-नऊ महिने माझाच बदल घेऊन फिरत होती.

मी विचारलं, "काका, किती द्यायचे?" ते म्हणाले, "काय बदललंच नाय, तर पैसे कसले?"

मंडळी, हे वाक्य ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. कारण हा त्या काकांचा मोठेपणा आहे आणि आपली लाज आहे. ज्यानं विचार केला त्याला शून्य, ज्यांनी अंदाजपंचे धाहोदरसे सामान बदललं त्यांना ८,३००. हा दर ठरवला कुणी? आपणच. "नुसतं बघायचे पैसे?" हे वाक्य गॅरेजमध्ये मी स्वतः म्हटलेलं आहे. मग मेकॅनिक काय करणार? बघण्याचे पैसे मिळत नाहीत, सामानाचे मिळतात, म्हणून तो सामान विकतो. आणि हे बोलणारे आपण कोण? नुसतं बघण्याचेच पैसे घेणारे! चार तास लॉग वाचून एक ओळ बदलतो आणि टाइमशीटवर चार तास लावतो. तिथे कुणी विचारलं, 'एकाच ओळीचे एवढे?' तर आपल्याला केवढा राग येतो.

कुणी म्हणेल, नवीन गाडी घे, स्कॅनर लावला की कळतं. स्कॅनर लक्षण सांगतो, कारण नाही. 'मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय' एवढंच तो म्हणेल. पंप, नळी, फिल्टर की झाकण, हे शोधायला प्रेशर गेज आणि डोकंच लागतं.

म्हणून जुनी कार्बोरेटरवाली गाडी असेल तर एवढं करा. बंद पडली की सुरक्षित जागी घेऊन आधी झाकण उघडा, आवाज ऐका. फुकट आहे. मग एअर क्लीनर काढून, इंजिन बंद ठेवून, अॅक्सिलरेटर दाबा. कार्बोरेटरमध्ये पिचकारी उडते का? उडत असेल तर वाटीत पेट्रोल आहे, आता ठिणगीकडे बघा. नसेल तर गाडी थंड झाल्यावर पंपाच्या पुढची नळी बाटलीत सोडा, ठिणगी उडू नये म्हणून कॉइलची मुख्य वायर काढून अर्थ करा, आणि स्टार्टर मारा. धार जोरकस हवी. बुडबुडे आले तर मागच्या नळीला कुठेतरी भेग आहे. धारच नसेल तर पंपाला मागची नळी सोडून वेगळ्या डब्यातून पेट्रोल द्या. आता धार आली तर पंप निर्दोष, भानगड मागे आहे. प्रत्येक पायरीला अर्धी गाडी संशयातून सुटते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर बरी झाली तरी कशानं झाली ते कळत नाही.

काकांना मी ५०० दिले. घेईनात. बाबांनी शेवटी बळंच खिशात कोंबले आणि म्हणाले, "बघायचे आहेत, ठेवा." वाटेत बाबा मला एवढंच म्हणाले, "तुझ्या झाकणाचे ३५० धरलेस का हिशोबात?"

नव्हते धरले. ८,६५० करा.