टायब्रेकरची वाट किती बघायची?

आपल्या कॉलेजची फुटबॉल मॅच तुम्ही शेवटची कधी बघितली? बघितली असेल, तर पुढचं चित्र ओळखीचं वाटेल. नऊ-दहा जण आपल्याच गोलसमोर. बॉल आला की लांब हाणायचा. पुढे एकटा स्ट्रायकर, त्याच्या अंगावर समोरचे दोन डिफेंडर. बॉल परत आपल्याकडे, पुन्हा लांब हाणायचा. असं करत मॅच शून्य-शून्य ठेवायची आणि टायब्रेकरला देव आठवायचा.

गेल्या सीझनला जयसिंगपूरहून आम्ही काही जण आंतरमहाविद्यालयीन मॅच बघायला कोल्हापूरला गेलो होतो. आमची टीम अगदी अशीच खेळली आणि टायब्रेकरवर हरली. पहिली पेनल्टी आमच्या स्ट्रायकरने घालवली. परत येताना सगळे त्याच्यावर घसरले. मला मात्र एकच प्रश्न पडला होता. ज्याच्या पायाला मॅचभर धड बॉल लागला नाही, त्याने एकाच किकमध्ये कॉलेजची इज्जत वाचवावी, ही अपेक्षा कुठली?

आता कोचची बाजूही ऐका, कारण ती खोटी नाही. आपल्या स्पर्धा बाद पद्धतीच्या. एक मॅच हरली की वर्षभराचा फुटबॉल संपला. प्रॅक्टिसला मिळतात जेमतेम काही आठवडे, त्यात सबमिशन आणि इंटर्नल. समोर कोल्हापूर शहरातलं कॉलेज असेल, तर त्यांची पोरं पेठांच्या तालमींकडून शाहू स्टेडियमवर भरल्या गर्दीत खेळून आलेली. त्यांच्याशी मोकळं खेळून चार-पाच गोल खाण्यापेक्षा दार लावून बसलेलं बरं, असं सरांना वाटलं तर चूक काय? शिवाय ग्रीसचं उदाहरण आहेच. २००४ च्या युरो स्पर्धेत ग्रीसने बाद फेरीतल्या तिन्ही मॅच १-० ने जिंकल्या आणि कप नेला.

पण नीट बघा. ग्रीसने त्या तिन्ही मॅचमध्ये गोल केला होता. बचाव घट्ट ठेवून मिळालेल्या संधीवर पुढे जायचं, हा त्यांचा प्लॅन होता. आपल्याकडे प्लॅनचा पहिला अर्धाच असतो.

दुसरी गोष्ट. घाबरून खेळणं हा रोग फक्त आपला नाही. १९९० च्या वर्ल्ड कपमध्ये ५२ मॅचमध्ये फक्त ११५ गोल झाले. प्रेक्षक कंटाळले. मग नियम बदलले. १९९२ पासून सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला बॉल गोलकीपरला हातात घेता येईना. १९९४ च्या वर्ल्ड कपपासून विजयाला दोनऐवजी तीन गुण झाले. बरोबरीवर समाधान मानणं महाग पडावं, म्हणून.

आपल्या मातीतले खेळ तर याहून कडक. प्रो कबड्डीत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘डू ऑर डाय’. गुण आणा, नाहीतर बाहेर बसा. मॅटवरच्या कुस्तीत जो नुसता टाळत राहतो त्याला ताकीद मिळते, मग तीस सेकंदांत गुण घ्यावा लागतो, नाहीतर गुण समोरच्याला. कॉलेजच्या बाद फेरीत मात्र असं काहीच नाही. तिथे तीन गुणांचा नियमही कामाचा नाही. म्हणजे पुढे जायला भाग पाडणारं कुणी नाही. ते आपलं आपणच ठरवायला लागतं.

आणि ‘आपण’ म्हणजे फक्त कोच नाही, भावांनो. लाइनबाहेर उभे राहून ओरडणारे तुम्ही-आम्हीसुद्धा. मिडफिल्डमधल्या पोराने एकाला चकवलं आणि दुसऱ्याकडे बॉल गेला की आपण काय ओरडतो? ‘हिरो झालास काय? काढ बाहेर!’ आणि कुणी डोळे झाकून बॉल रस्त्यावर हाणला की टाळ्या. दोन मॅचमध्ये ते पोरगं शहाणं होतं आणि बॉल मागायचंच बंद करतं. फर्स्ट इयरला बघताना ज्याचे पाय भारी वाटले होते, तो थर्ड इयरला नुसता बॉल बाहेर काढणारा झालेला मी बघितलाय. मला हरल्यापेक्षा याचं जास्त वाईट वाटतं.

काय करता येईल? सगळं उधळून द्या, असं मी म्हणत नाही. पहिली वीस मिनिटं दोन जण स्ट्रायकरच्या जोडीला पुढे ठेवून बघा. प्रॅक्टिसमध्ये लांब किक बंद करून शॉर्ट पासवर छोटी मॅच खेळा. कॉर्नर मिळाला की चार जण पुढे पाठवा. २०१७ च्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारताचा जो एकमेव गोल झाला, तो कोलंबियाविरुद्ध कॉर्नरवरच. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने गोल केला आणि आपण हरलो, हेही खरं. त्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. आज त्या मॅचचं नाव काढलं की लोकांना जॅक्सन सिंगचा हेडर आठवतो. पराभवाचा स्कोअर बहुतेकांना सांगताही येत नाही.

यंदा मॅचला जाल तेव्हा एक करा. आपल्या पोराने बॉल घेऊन पुढे जायचा प्रयत्न केला आणि तो फसला, तरी टाळी वाजवा. सरांना प्लॅन बदलायला वेळ लागेल. आपल्याला ओरडणं बदलायला लागणार नाही.